मासा दिसतो तिथे नसतो

सुदुंबऱ्याच्या परिसरातले पावसाचे पाणी इंद्रायणीत उतरते. इंद्रायणी तुळापूरला भीमेस मिळते आणि भीमेचे पाणी पुढे १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणात अडते. या जलाशयावर, भिगवणजवळ, हिवाळ्यात ऑस्प्रे नावाचा शिकारी पक्षी येतो. पोट पांढरे, डोळ्यावरून गडद तपकिरी पट्टा, पंखांचा विस्तार सुमारे दीड मीटर. अन्न म्हणाल तर जवळजवळ केवळ मासे. उन्हाळा लागला की तो उत्तरेकडे आपल्या घरट्याकडे परततो.

आता गंमत अशी, की वरून पाहणाऱ्याला पाण्यातला मासा दिसतो तेथे तो नसतोच! समजा, ऑस्प्रेची नजर अभिलंबाशी ४५° कोन करून पाण्यावर पडली. पाण्याचा वक्रीभवनांक १.३३ धरला, तर पाण्यातील कोन सुमारे ३२° येतो. वहीत करून पाहा. मासा ६० सेंमी खोल असेल, तर नजरेची सरळ रेषा तेवढ्या खोलीवर ६० सेंमी पुढे पोचेल. खरा किरण मात्र पोचतो ३७.५ सेंमीवर. म्हणजे चूक २२ सेंमीहून अधिक. पंजात पाणीच यायचे! पण मासा २० सेंमीवरच असेल, तर हीच चूक साडेसात सेंमीवर येते. मोठ्या माशाच्या बाबतीत एवढी चूक खपून जाते. ऑस्प्रे पृष्ठभागाजवळचेच मासे पकडतो, साधारण मीटरभराच्या खाली जात नाही, हे या हिशेबाशी चांगले जुळते.

वीस मीटरवरून मुक्तपणे पडणाऱ्या वस्तूचा वेग सेकंदाला सुमारे २० मीटर होतो. हवेच्या रोधामुळे पक्ष्याचा वेग याहून कमी राहतो, तरी दणका काही लहान नसतो. त्यासाठी तो शेवटच्या क्षणी पाय पुढे टाकतो. त्याचे बाहेरचे बोट मागे वळते आणि तळव्यांवर काट्यांसारखे खवले असतात, म्हणून निसटता मासाही पकडीत राहतो. पकडलेला मासा तो डोके पुढे ठेवून नेतो. हवेचा रोध कमी कसा करावा, हे त्याला कोणी शिकवले नाही!

या पक्ष्याने एक मोठे संकट सोसले आहे. डीडीटी कीटकनाशक माशांतून त्याच्या शरीरात साचले, अंड्यांची कवचे पातळ झाली आणि ती उबवताना फुटू लागली. अमेरिकेत १९७२ साली डीडीटीवर बंदी आल्यानंतर ऑस्प्रेची संख्या पुन्हा वाढली. ब्रिटनमधून तो शिकारीमुळे आणि अंडी चोरणाऱ्यांमुळे नाहीसा झाला होता. १९५४ साली एका जोडीने स्कॉटलंडमधील लॉख गार्टन येथे पुन्हा घरटे केले. पुढे त्या घरट्यावर पहारे बसवावे लागले.

आपल्याकडे प्रश्न घरट्याचा नाही, पाण्याचा आहे. आळंदीला इंद्रायणीवर अलीकडच्या वर्षांत वारंवार फेस दिसतो. फेसातील असंख्य बुडबुड्यांच्या पृष्ठभागांवरून प्रकाश सर्व दिशांना परावर्तित होतो, म्हणून तो पांढरा दिसतो. गढूळ पाण्यातले कणही प्रकाश असाच विखुरतात. वक्रीभवनात किरण वळतो, पण माशाची प्रतिमा शाबूत राहते. विकिरणात ती पुसटच होते. उथळ मासा निवडून वक्रीभवनावर मात करता येते, गढूळपणावर नाही.

काचेच्या पेल्यात पाणी घेऊन तळाशी नाणे ठेवा. वरून पाहत एकेक थेंब दूध टाकून ढवळा. नाणे दिसेनासे व्हायला किती थेंब लागले? पाण्याची खोली निम्मी करून पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे शेजारी लिहा.