अन्न पिकवावे कसे?



रोजच्या भाकरीसाठी आपण रोज प्रार्थना करतो. ती भाकर सर्वांना पुरावी आणि जमिनीचा कसही टिकावा, हे कसे साधावे याबाबत मात्र तज्ज्ञांत एकमत नाही. त्यांची मते आज समजून घेऊ या.

पहिले मत नॉर्मन बोरलॉग यांचे. १९७० साली नोबेल शांतता पुरस्कार मिळालेले हे शास्त्रज्ञ म्हणत, सुधारित बियाणे व खते वापरून आहे त्याच जमिनीत जास्त पिकवा. म्हणजे शेतीसाठी जंगले तोडावी लागणार नाहीत.

दुसरे मत सेंद्रिय शेतीच्या पुरस्कर्त्यांचे. रसायनांनी माती व पाणी बिघडते, शेतकऱ्याचा खर्च वाढतो. म्हणून शेणखत, मिश्र पिके आणि देशी बियाणे यांकडे वळावे.

तिसरे मत भारतातील हरितक्रांतीचे शिल्पकार डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांचे. त्यांनी पुढे 'सदाहरित क्रांती'चा आग्रह धरला : उत्पादन वाढावे, पण निसर्गाची हानी करून नव्हे.

आता अनुभव पाहू. श्रीलंका सरकारने २०२१ च्या एप्रिलमध्ये रासायनिक खतांची आयात एकदम बंद केली. शेतकऱ्यांना तयारीला वेळ मिळाला नाही, पुरेसे सेंद्रिय खतही नव्हते. भाताचे पीक घटले, चहालाही फटका बसला. नोव्हेंबरमध्ये बंदी उठवावी लागली. निर्णय सरकारचा, भुर्दंड मात्र शेतकऱ्याला! सिक्कीमने २००३ साली सेंद्रिय धोरण स्वीकारले आणि २०१६ साली ते पूर्ण सेंद्रिय राज्य म्हणून जाहीर झाले. त्याला तेरा वर्षे लागली. तरीही तेथे बराच तांदूळ बाहेरून आणावा लागतो, हे विसरून चालणार नाही.

यातून आम्हांला एक धडा दिसतो. मत कोणतेही असो, ज्याच्या शेतात बदल होणार त्याला विचारून, वेळ व आधार देऊनच तो करावा.

अन्नाची नासाडी थांबावी, याविषयी मात्र दुमत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२२ साली दुकाने, हॉटेले व घरे मिळून सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातले साठ टक्के घरांतले होते. पोप फ्रान्सिस यांनीही २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात फेकलेल्या अन्नाचा संबंध गरिबांच्या ताटाशी जोडला आहे.

चिंतनासाठी प्रश्न :
१. आपल्या घरी आठवडाभरात किती अन्न टाकले जाते?
२. लग्नाच्या जेवणात उरलेले अन्न कोणाच्या मुखी जाते?
३. भाजी घेताना आपण शेतकऱ्याच्या कष्टांचा विचार करतो का?