देवाशी अबोला धरू नकोस

परवा उपासना सुटल्यावर तू माझा हात धरून हळूच म्हणालीस, "ताई, हल्ली प्रार्थनेला बसते, पण आतून काहीच येत नाही. माझा विश्वास संपला वाटतं." तेवढ्यात चार बायका आल्या, पोरांनी चहा मागितला आणि आपलं बोलणं तिथंच तुटलं. ते तसंच राहू द्यायचं नाही, म्हणून आज निवांत बोलते.

आधी हे ऐक. ज्याचा विश्वास संपलाय त्याला त्याची हळहळ वाटत नाही. तुला वाटते आहे, रात्री झोप लागत नाही इतकी. म्हणजे प्रभू तुला अजून हवा आहे. फक्त त्याच्याशी काय बोलावं ते सुचत नाही, एवढंच झालंय.

आणि का सुचावं गं? तुझं हे वर्ष मी बघितलंय. ठेकेदार बदलला आणि तुझ्या नवऱ्याचं कंपनीतलं काम गेलं. दोन महिने नवीन गेटपासच्या आशेत गेले. त्यात आईचं ऑपरेशन. पहाटेची डहाणू लोकल पकडून मुंबईचं इस्पितळ गाठायचं, रात्री बोईसरला उतरायचं, सकाळी पुन्हा मुलीचा डबा. खोलीचं भाडं थकलेलं. या सगळ्यात कुणी तुला म्हणालं, उपास कमी पडताहेत. कुणी म्हणालं, घरात काहीतरी लपलेलं पाप असेल, शोध. हे ऐकलं तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तुझ्यासमोर बोलले नाही, पण त्या बाईंना मी ईयोबाचं पुस्तक शेवटपर्यंत वाचायला सांगितलं आहे. ईयोबाचे तीन मित्र आले, सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर ते खरे मित्र होते. तोंड उघडलं आणि तुझंच काहीतरी चुकलं असणार म्हणू लागले. शेवटी देव कुणावर रागावला? देवाला जाब विचारणाऱ्या ईयोबावर नाही रागावला. देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्या त्या मित्रांवर रागावला, आणि ईयोब माझ्याविषयी खरं बोलला असा निवाडा त्यानं दिला.

म्हणून तुला सांगते, देवाकडे गोड बोलायची सक्ती नाही. स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत आणि त्यातली जवळजवळ एक तृतीयांश गाऱ्हाणी आहेत. किती दिवस असं चालणार, तू तोंड का फिरवलंस, माझे शत्रू हसताहेत ते तुला दिसत नाही का, अशी. आपण उपासनेत त्यातली आनंदाची तेवढी निवडतो, म्हणून दुःखी माणसाला वाटतं की इथं आपल्यासाठी काही नाही. ८८वं स्तोत्र एकदा काढून बघ. ते अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची एक ओळही नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे. ज्यांनी ते शास्त्रात राहू दिलं त्यांना माणसाचं मन कळत होतं. आणि वधस्तंभावर प्रभूच्या तोंडी आलं तेही गाऱ्हाण्याच्याच स्तोत्राचं, बाविसाव्याचं, पहिलं वाक्य.

भांडण चालेल, अबोला नको. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. रडून बोल, चिडून बोल, शब्द नसतील तर दोन मिनिटं नुसती त्याच्यासमोर बस. त्याला उठून जायला सांगू नकोस, इतकंच.

तुला पंडिता रमाबाई माहीत आहेत त्या शाळेच्या धड्यापुरत्या. मला त्या दुःखाच्या दिवसांत जवळच्या झाल्या. १८७४च्या सुमाराला, सोळा वर्षांची पोर, दुष्काळात आई, वडील आणि मोठी बहीण काही महिन्यांच्या आत गेली. राहिला एक भाऊ. त्याच्याबरोबर देशभर पायी फिरली. १८८०मध्ये तोही गेला. लग्न झालं, मुलगी झाली, आणि १८८२मध्ये पटकीनं नवरा गेला, तेव्हा ती मुलगी, मनोरमा, वर्षाचीही नव्हती. १८८३ साली इंग्लंडमध्ये रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. आपण समजतो, झालं, इथून पुढे सगळं उजळलं असेल. त्यांनी स्वतःच्या साक्षीत लिहून ठेवलंय की ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त खऱ्या अर्थानं भेटायला त्यानंतर कितीतरी वर्षं लागली. एवढी बुद्धीची, एवढ्या धैर्याची बाई आणि तिलाही वर्षं लागली! आणि ती वर्षं वाया गेली असं म्हणायला जागा नाही. त्याच काळात, १८८९मध्ये, मुंबईत शारदा सदन उभं राहिलं.

पुढचं ऐक. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. दुष्काळानं जिचं घर खाल्लं, तीच दुष्काळातल्या पोरींना आणायला गेली. केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं ते त्यातून. मग मूळ हिब्रू-ग्रीक भाषांमधून बायबलचं मराठी भाषांतर करायला घेतलं, छापायचं कामही तिथल्याच बायका शिकल्या. १९२१ साली मनोरमा गेली. एकुलती एक, आपल्यामागे संस्था सांभाळेल म्हणून जिच्याकडे बघत होत्या ती. रमाबाई तरीही त्या पानांवर बसून राहिल्या. ५ एप्रिल १९२२ला त्यांनी डोळे मिटले. संपूर्ण बायबल १९२४मध्ये बाहेर आलं. मला नेहमी वाटतं, मनोरमेनंतरच्या त्या महिन्यांत त्यांच्या मनात गाणी नसणार. पण समोर उरलेलं काम होतं, आणि त्या ते करत होत्या. आशा मला तिथं दिसते.

लक्ष्मीबाई टिळकांचं वेगळं. १८९५ साली रेव्हरंड टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाशच कोसळलं. काही वर्षं नवराबायको वेगळे राहिले. त्यांचा विश्वास एका दिवसात आलेला नाही. सोवळंओवळं सुटत गेलं, मन पुढे-मागे होत राहिलं, आणि १९००मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे १९१९ला टिळक गेले, त्यांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य अर्धवट राहिलं. जिला नवऱ्यानं लिहायला-वाचायला शिकवलं त्या बाईनं ते पुढे नेलं. दुःखी बाईनं लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' जरूर वाचावं असं माझं ठाम मत आहे. त्यात उपदेश कुठेच नाही, आणि श्रद्धा मात्र पानोपानी आहे.

आता जरा जमिनीवर येते. तू जेवतेस का वेळेवर? हसू नकोस. एलीया संदेष्टा किती थोर, पण एकदा तोही खचून एका झुडपाखाली बसला आणि मला आता मरण दे म्हणाला. देवानं काय केलं? प्रवचन दिलं नाही, रागावला नाही. झोपू दिलं. देवदूतानं उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं. पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. प्रश्न विचारले ते पुष्कळ नंतर. पहाटे उठून इस्पितळ गाठणारी, रात्री परतून सकाळी पुन्हा डबा करणारी बाई प्रार्थनेत जड होते, तेव्हा अनेकदा देह थकलेला असतो, आत्मा नाही. झोप दोन-दोन आठवडे उडाली असेल, जगूच नये असं मनात येत असेल, तर डॉक्टरांकडे जायचं. सरकारची टेलिमानस सेवा आहे, १४४१६, मराठीतही बोलतात. त्यात विश्वासाचा काही कमीपणा नाही. आणि कुणी म्हणालं की आईची औषधं बंद करा, नुसती प्रार्थना करा, किंवा अमुक रक्कम दिली तर चमत्कार होईल, तर त्या माणसाला घरात घेऊ नकोस. मग तो कितीही मोठ्यानं प्रभूचं नाव घेवो. आपल्याच डहाणूला जुन्या मिशनरींनी प्रार्थनाघराबरोबर दवाखानाही काढला होता, तो उगीच नाही.

आणखी एक. सगळं एकटीनं पेलायचं, हे तुझ्या डोक्यातून काढ. शुभवर्तमानातल्या त्या पक्षाघाती माणसाला चौघांनी येशूकडे उचलून आणलं, गर्दीमुळे दार मिळेना म्हणून छप्पर उसकटून खाली सोडलं. शास्त्र सांगतं, येशूनं त्यांचा विश्वास पाहिला. बाजेवर पडलेल्याचा किती होता, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. तू आता बाजेवर आहेस. काही दिवस आम्ही चौघी तुझी बाज धरतो. तुला गाणं गाता येत नसेल तर गप्प उभी राहा, 'उपासना संगीत' हातात धर, आम्ही गाऊ.

बोईसरमधल्या आपल्या माणसांचं हेच मला आवडतं. अणुऊर्जा केंद्र १९६९ला सुरू झालं, मग एमआयडीसी वाढली, आणि केरळ, तमिळनाडू, आंध्र, विदर्भ, कुठून कुठून कुटुंबं आली. मागे नातेवाईक नाहीत, गावची मंडळी नाही. म्हणून एका खोलीत दहा घरची माणसं चटईवर बसून चार भाषांत प्रार्थना करतात. नोव्हेंबर २०१८पासून डहाणू-तलासरीकडे भूकंपाचे धक्क्यांवर धक्के बसू लागले तेव्हा तिकडची माणसं थंडीत लेकरं घेऊन घराबाहेर झोपली. पुढे २०२०चा ईस्टर आला, १२ एप्रिलचा, टाळेबंदीतला. सगळी दारं बंद. त्या सकाळी आमच्या घरी मोबाइलवर उपासना होती, मध्येच नेट गेलं, आणि आम्ही तिघं-चौघं गात राहिलो. पुनरुत्थान त्या वर्षीही झालंच होतं, गर्दी असो वा नसो.

सातपाटीला जाऊन बघ कधी पावसाळ्यात. जून-जुलैत मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, आणि माणसं बसून जाळी दुरुस्त करतात. तेव्हा कुणी म्हणत नाही की कोळ्याचा समुद्र संपला. तुझं सध्या तसं धर. मोठं काही मागत नाही मी तुझ्याकडून. सकाळी चहा ठेवलास की तेरावं स्तोत्र वाच, सहाच ओव्या आहेत, मोठ्यानं वाच. पहिल्या दोन तुझ्याच वाटतील. शेवटच्या दोन पटल्या नाहीत तर प्रभूला तसं सांग. रविवारी जमेल तेव्हा ये, नाही जमलं तर लाज धरू नकोस. आणि कुणाला तरी, मलाच म्हण हवं तर, रोज एक ओळ लिहून पाठव, आज कसं गेलं.

नवऱ्यालाही थोडं सांभाळून घे. काम गेलेला पुरुष देवावर रुसला आहे हे बोलून दाखवत नाही, तो फक्त उपासनेच्या वेळी घरी आजारी पडतो. त्याला उपदेश नको. आमचे हे शनिवारी त्याच्याशी बोलतील, पालघरला एकांच्या ओळखीत कामाचं काही आहे म्हणतात. पक्कं नाही, तरी कागद तयार ठेव, आधार, जुना गेटपास, पीएफचा नंबर.

'स्मृतिचित्रे' माझ्याकडे आहे, पहिली काही पानं सुटी झालीत, जपून वाच. बुधवारी आईला मुंबईला नेणार आहेस ना? मुलीला त्या दिवशी माझ्याकडे सोड. शाळेतून मी आणीन, रात्री उशीर झाला तर ती इथंच झोपेल.