राउटर घेण्याआधी तार पाहावी

घरात कोणता राउटर चालेल हे त्याच्या खोक्यावर लिहिलेले नसते. ते घरात येणाऱ्या तारेवर आणि त्या तारेच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या इंटरनेट कंपनीच्या नोंदींवर ठरते. दुकानात मात्र अँटेना किती, पल्ला किती, वेग किती एवढ्यावरच बोलणे संपते. घरी येणारी तार कसली, हे ना दुकानदार विचारत, ना गिऱ्हाईक सांगत.

फतेगंजसारख्या वस्तीत तर हे विचारल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. बडोद्याच्या या भागात एका अंगाला लष्कराची छावणी, दुसऱ्या अंगाला महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि मधे जुनी बैठी घरे, जाड भिंतींची टेनामेंटे, नव्या इमारतींतले फ्लॅट, विद्यार्थ्यांची पीजी. एकाच गल्लीत एका घरी टेलिफोनची तांब्याची जोडी, शेजारी केबलवाल्याने गच्चीवरून ओढलेली लॅनची वायर आणि समोर फायबर, असे सगळे प्रकार नांदत असतात. म्हणून शेजाऱ्याकडे उत्तम चालणारा डबा आपल्याकडे मुका बसू शकतो.

तांब्याची जोडी यांत सर्वांत जुनी. बीएसएनएलने २००५च्या जानेवारीत ब्रॉडबँड सुरू केले ते याच तारेवर. तिला एडीएसएल मोडेम लागतो. त्याच्या मागे टेलिफोनच्या पिनेएवढी अरुंद खाच असते आणि आत व्हीपीआय ०, व्हीसीआय ३५ असे आकडे भरावे लागतात. या पद्धतीच्या सुधारित आवृत्तीचा वेगही फार तर २४ एमबीपीएस, तोही एक्स्चेंज जवळ असेल तर. घरात फायबर आले की या मोडेमचे मूळ काम संपते. त्यातल्या एखाद्या लॅन पोर्टातून नेट आत घ्यायची सोय असेल, तर दुसऱ्या खोलीत वाय-फाय देण्यापुरता तो ठेवता येतो.

टीव्हीच्या जाड गोल केबलवरून नेट देण्याची पद्धत निराळी. तिला डॉक्सिस म्हणतात. अमेरिकेतल्या असंख्य घरांत इंटरनेट असेच येते. बडोद्यातल्या पुष्कळ मराठी आणि गुजराती घरांतले कोणी ना कोणी तिकडे असते, आणि सुट्टीवर येताना आईवडिलांसाठी मायेने एखादा भारी राउटर घेऊन येते. तो 'केबल मोडेम-राउटर' निघाला, की मागे टीव्हीच्या केबलची आटे असलेली पिन दिसते आणि तिच्यात लावायला घरात काहीच नसते. कितीही सेटिंग बदलली तरी अशा डब्याला फायबर कळत नाही. तिकडून आणायचाच तर नुसता राउटर सांगावा. त्याच्या मागे 'वॅन' किंवा 'इंटरनेट' लिहिलेले चौकोनी पोर्ट हवे आणि अ‍ॅडाप्टरवर १०० ते २४० व्होल्ट छापलेले हवे.

लॅनची वायर घरात येत असेल, तर राउटरची निवड सर्वांत सोपी. वॅन पोर्ट असलेला जवळजवळ कोणताही राउटर तिला चालतो. अडचण येते ती मॅक बाइंडिंगची. प्रत्येक यंत्राला कारखान्यातूनच एक मॅक पत्ता मिळालेला असतो, आणि काही केबलवाले पहिल्या राउटरचा पत्ता खात्याला बांधून ठेवतात. राउटर बदलला की वायर तीच, आयडी तोच, पण नेट नाही. केबलवाल्याला फोन करून जुना मॅक काढायला सांगावे, किंवा नव्या राउटरमधल्या 'मॅक क्लोन'मध्ये जुन्याचा पत्ता भरावा. जुना राउटर भंगारात देण्याआधी त्याच्या पोटावरच्या लेबलचा फोटो काढून ठेवला, तर ही गोष्ट पाच मिनिटांत उरकते.

आता बहुतेक ठिकाणी फायबर आले आहे, आणि खरा गोंधळ तिथेच होतो. फायबर म्हणजे केसासारखी काच. ती साध्या राउटरला लागत नाही. मधे प्रकाशाचे सिग्नल विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा डबा लागतो. त्याचे नाव ओएनटी किंवा ओएनयू. वायरमन त्याला सरसकट मोडेमच म्हणतात. घराकडे येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा आणि घरातून जाणारा १३१०चा, दोन्ही एकाच काचेतून. कंपनीकडची एक तार वाटेतल्या स्प्लिटरमधून अनेक घरांना वाटलेली असते, त्यामुळे कोणते घर कोणाचे हे कंपनीच्या यंत्राला ओळखावे लागते. जीपॉन पद्धतीत ही ओळख ओएनटीच्या सिरियल नंबरवरून पटते. त्याची पहिली चार अक्षरे उत्पादकाची असतात. ईपॉन पद्धतीत ती मॅक पत्त्यावरून पटते. जीपॉनचा डबा ईपॉनच्या तारेवर चालत नाही आणि उलटही नाही. बाजारात 'एक्सपॉन' म्हणून दोन्ही पद्धती जाणणारे डबे मिळतात, पण त्यांचीही नोंद कंपनीने आपल्याकडे केल्याशिवाय ते बोलत नाहीत.

फतेगंजातल्या पीजींमध्ये याचा फटका वारंवार बसतो. आधीचे भाडेकरू शिकून निघून जातात आणि त्यांचा ओएनटी भिंतीवर तसाच राहतो. नव्या मुलांना वाटते, डबा आहे, तार आहे, फक्त रिचार्ज करायचा. पण तो डबा आधीच्या कंपनीच्या आणि आधीच्या खात्याच्या नावावर नोंदलेला असतो, बहुधा कंपनीच्याच मालकीचा असतो. दुसऱ्या कंपनीचे कनेक्शन घेतले तर तो उपयोगाचा नाही. जुन्या बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या ओएनटींचेही तेच.

डब्यावरचे दिवे नीट वाचले तर निम्मे निदान घरीच होते. 'लॉस'चा लाल दिवा लागला, तर प्रकाशच पोहोचत नाही: तार तुटली, पिन निसटली किंवा कपाटामागे फायबर फार वाकली. 'पॉन'चा हिरवा दिवा लुकलुकतच राहिला, तर बहुधा प्रकाश येतो आहे, पण कंपनीच्या यंत्राने डब्याला ओळखलेले नाही. दोन्ही दिवे ठीक असून नेट नसेल, तर दोष बहुतेक आयडी-पासवर्डाकडे, नाहीतर रिचार्ज संपल्याकडे असतो. तक्रार करताना नुसते 'नेट बंद आहे' म्हणण्यापेक्षा कोणता दिवा कसा आहे ते सांगितले, तर योग्य माणूस योग्य सामान घेऊन येतो.

फायबरच्या पिनेचा रंगही पाहावा. हिरव्या पिनेचे टोक आठ अंशांनी तिरके घासलेले असते, निळीचे सरळ. हिरवी पिन निळ्या खाचेत शिरते आणि नीट बसल्यासारखी दिसते. पण दोन काचांची तोंडे जुळत नाहीत आणि बराच प्रकाश वाटेतच वाया जातो. नेट चालते, अडखळते, पावसाळ्यात बंद पडते, आणि शिव्या राउटरला बसतात. ओएनटीच्या सेटिंगच्या पानावर 'आरएक्स पॉवर' हा आकडा असतो. साध्या जीपॉन ओएनटीला तो उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या दरम्यान लागतो. उणे २७च्या काठावर असेल, तर नवा राउटर आणून काहीही साधणार नाही. तारेचे काम आधी करून घ्यावे.

प्रस्तुत लेखकाच्या फतेगंजमधल्या घरी जे घडले ते या सगळ्याच्या पुढच्या पायरीवर. घर जुने, भिंती जाड. ओएनटी दिवाणखान्यात, आणि मागच्या खोलीत वाय-फायची एक रेघही धड येत नव्हती. नवा राउटर घेण्याआधी कंपनीच्या ग्राहकसेवेला विचारले होते. उत्तर मिळाले: कोई भी राउटर चलेगा. राउटर आला, वायरमन आला, त्याने डबा उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाला, "काका, आमां फायबर क्यां नाखुं?" फायबरची खाच त्यात नव्हतीच, कारण तो नुसता राउटर होता. मग त्याने ओएनटीच्या मागून लॅनची वायर काढून नव्या राउटरला लावली. नव्या राउटरने आयडी-पासवर्ड मागितला. तो घरात कोणालाच दिलेला नव्हता. पहिल्या वायरमनने तो ओएनटीत भरला होता आणि तो नोकरी सोडून गेला होता. आयडी-पासवर्ड वाचता येईल म्हणून या नव्या वायरमनने ओएनटीच्या मागच्या भोकात पिन घालून रिसेट केले, आणि आधी चालत होते तेही नेट गेले.

रिसेटने आयडी-पासवर्ड तर गेलाच, शिवाय व्हीलॅनचा क्रमांकही गेला. कंपनी एकाच फायबरवरून इंटरनेट, फोन आणि कधी टीव्ही पाठवते; त्यांचे प्रवाह वेगळे ठेवायला प्रत्येकाला एक क्रमांक दिलेला असतो. त्यावर पीपीपीओई नावाच्या पद्धतीने आयडी-पासवर्ड तपासला जातो. ही पद्धत १९९९पासून चालत आली आहे. व्हीलॅन चुकला तर बरोबर पासवर्डही आत पोहोचत नाही, आणि पडद्यावर मात्र कनेक्शन होत नाही एवढेच दिसते. काही कंपन्या हा क्रमांक दुरूनच डब्यात भरतात, काहींच्या माणसाला हाताने भरावा लागतो. ग्राहकसेवेचे उत्तर खोटे नव्हते, पण ज्या माहितीवर ते उत्तर उभे होते ती ग्राहकाच्या हाती दिलेली नव्हती. आपल्या खात्याचा आयडी, पासवर्ड आणि व्हीलॅन कनेक्शन जोडतानाच कागदावर मिळणे हा ग्राहकाचा साधा हक्क असायला हवा. जर्मनीत १ ऑगस्ट २०१६पासून कायद्यानेच ग्राहकाला आपल्या पसंतीचा राउटर लावायची मुभा आहे आणि त्यासाठी लागणारी माहिती देणे कंपनीवर बंधनकारक आहे. आपल्याकडे ती मागून घ्यावी लागते, आणि मागताना संकोच करू नये.

नवा राउटर फायबरच्या घरात दोन प्रकारे बसवता येतो. पहिल्या प्रकारात आयडी-पासवर्ड ओएनटीतच राहतो आणि नवा राउटर 'अ‍ॅक्सेस पॉइंट' म्हणून फक्त वाय-फाय पसरवतो. ज्यांना मागच्या खोलीत नेट हवे एवढीच गरज आहे, त्यांच्यासाठी हाच मार्ग चांगला. लेखकाच्या घरीही शेवटी तोच ठरला. राउटरमध्ये ही सोय नावानिशी नसेल, तर त्याचे डीएचसीपी बंद करावे, त्याचा पत्ता ओएनटीच्या पत्त्याहून वेगळा करावा (दोघेही बहुधा १९२.१६८.१.१ घेऊन बसतात) आणि वायर वॅनऐवजी लॅन पोर्टात लावावी.

दुसऱ्या प्रकारात कंपनीला सांगून ओएनटी 'ब्रिज' करून घ्यायचा आणि आयडी-पासवर्ड नव्या राउटरमध्ये भरायचा. सगळा ताबा आपल्या हाती येतो, पण ओएनटीला लावलेला लँडलाइन फोन यात बंद पडू शकतो. घरात वडीलधारे त्याच फोनवर अवलंबून असतील, तर आधी विचारून घ्यावे.

दोन्हींपैकी काहीच न करता नुसती वायर जोडली, तर दोन राउटर एकामागे एक आपापले पत्ते वाटत बसतात. साधे व्हिडिओ पाहायला अडत नाही. पण प्रिंटर एका जाळ्यात आणि लॅपटॉप दुसऱ्यात, असे होऊन दोघांची गाठ पडत नाही. परदेशातल्या मुलांना घराचा कॅमेरा पाहायचा असेल तर आणखी एक गोष्ट आड येते. कित्येक कंपन्या अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. राउटरला वॅनवर १००.६४ ते १००.१२७ने सुरू होणारा पत्ता मिळाला असेल, तर बाहेरून थेट घरात शिरण्याची वाट नाही आणि राउटर बदलून ती उघडणार नाही. अशा घरी क्लाउडवर चालणारा कॅमेरा घ्यावा किंवा कंपनीकडून स्टॅटिक आयपी विकत घ्यावा.

वेगाच्या बाबतीत खोक्यावरचा आकडा फार फसवतो. 'एसी१२००' म्हणजे २.४ गीगाहर्ट्झवर ३०० आणि ५ गीगाहर्ट्झवर ८६७ एमबीपीएस यांची बेरीज. कोणत्याही एका फोनला तेवढा वेग मिळत नाही. त्याहून वाईट म्हणजे या वर्गातल्या कित्येक स्वस्त राउटरांची पोर्टे फक्त १०० एमबीपीएसची असतात. प्लॅन ३००चा आणि पोर्ट १००चे, तर वाय-फाय कितीही चांगले असो, आकडा ९५च्या आसपास अडकतो. खोक्यावर 'गीगाबिट पोर्ट' असे शब्द शोधावेत. ते असूनही ९५च मिळत असेल तर वायर तपासावी: शंभरच्या वेगाला दोन जोड्या पुरतात, गीगाबिटला चारही लागतात, आणि पिन चेपताना एक जोडी सुटली की वेग गुपचूप खाली येतो. ५ गीगाहर्ट्झ वेगवान असला तरी जाड विटांच्या भिंतीपलीकडे तो लवकर थकतो. जुन्या घरात एक मोठा राउटर आणण्यापेक्षा मागच्या खोलीपर्यंत वायर ओढून तिथे दुसरा लहान राउटर ठेवणे जास्त फळते.

लाइट जाण्याची सोय म्हणून घेतलेल्या छोट्या यूपीएसच्या बाबतीत व्होल्टचा मेळ पाहावा. ओएनटी बहुधा १२ व्होल्टचा, पुष्कळ लहान राउटर ९ व्होल्टचे, आणि दोघांची गोल पिन तीच. अदलाबदल झाली तर एक डबा सतत रिस्टार्ट होतो, नाहीतर दुसरा कायमचा जातो. अ‍ॅडाप्टरवर आणि डब्यावर सारख्या रंगाची चिकटपट्टी लावून ठेवणे पुरेसे आहे.

खरेदीच्या आधी कंपनीकडून फोनवर न विचारता लेखी, निदान मेसेजवर, मागावे: तार कोणती, जीपॉन की ईपॉन, आयडी-पासवर्ड काय, व्हीलॅन किती, मॅक बांधला आहे का, ब्रिज करून मिळेल का. राउटर परत घेण्याची मुदत दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्यावी आणि त्या मुदतीतच तो जोडून पाहावा. ओएनटीसाठी डिपॉझिट भरले असेल तर पावतीवर त्याचा सिरियल नंबर लिहून घ्यावा. कनेक्शन बंद करताना तोच डबा, त्याच्या अ‍ॅडाप्टरसह, परत देऊन पोच घ्यावी.