पोपट पाळण्यापूर्वीं

आपल्या घरीं पोपट असावा अशी इच्छा बहुतेक मुलांस केव्हां ना केव्हां होतेच. हिरवा रंग, बांकदार लाल चोंच आणि 'मिठू मिठू' हे बोल कोणाचेंही मन वेधून घेतात यांत नवल नाहीं. परंतु इच्छा होणें निराळें आणि पात्रता असणें निराळें. आपल्याला पोपट हवा कीं नको, याहून पोपटास आपलें घर मानवेल कीं नाहीं, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. त्याचा क्रमानें विचार करूं.

पहिली गोष्ट कायद्याची. आपल्याकडील वड-पिंपळांवर दिसणारा, ज्याच्या नराच्या गळ्याभोंवतीं गुलाबी कंठ असतो तो हिरवा पोपट, हा वन्य पक्षी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानें त्यास संरक्षण दिलेलें असून त्याला पकडणें, विकणें, विकत घेणें किंवा पिंजर्‍यांत ठेवणें हा अपराध आहे. आजीच्या घरीं पूर्वीं पोपट होता, ही सबब चालत नाहीं. झाडाच्या ढोलींतून चोरलेलीं कित्येक पिलें बाजारापर्यंत पोहोंचण्यापूर्वींच मरतात. म्हणून देशी पोपटाविषयीं उत्तर एकच: तो पाळूं नये. ज्यांच्या घरीं असा पक्षी आधींच आहे त्यांनीं त्याला एकदम उडवूनही देऊं नये. हातून खाण्याची संवय जडलेल्या पक्ष्यास रानांत अन्न शोधतां येत नाहीं. अशा वेळीं वनखात्यास कळवावें.

राहिले परदेशी पक्षी. ऑस्ट्रेलियांतील चिमुकला बजरीगर पाळतां येतो. आफ्रिकेंतील राखी पोपटासारख्या जातींची मात्र सरकारांत नोंद करावी लागते.

दुसरी गोष्ट आयुष्याची. बजरीगर साधारणतः ५ ते १० वर्षें जगतो. राखी पोपट ४० ते ६० वर्षें जगूं शकतो. सातवींतील मुलानें हट्टानें आणलेला राखी पोपट त्याच्या स्वतःच्या मुलांच्या लग्नापर्यंत घरांत असेल! मुलगा शिक्षणासाठीं परगांवीं गेला म्हणजे दाणापाणी कोण पाहील? म्हणून हा निर्णय एकट्या मुलाचा नव्हे, सर्व कुटुंबाचा आहे.

तिसरी गोष्ट सोबतीची. पोपट थव्यानें राहणारा पक्षी आहे. रानांत तो आपल्या सोबत्यांचे आवाज उचलतो. घरांत माणसें हाच त्याचा थवा, म्हणून तो आपले शब्द बोलतो. अर्थात् त्याचें बोलणें ही करमणूक नसून सोबतीची मागणी आहे. अमेरिकेंत डॉ. आयरीन पेपरबर्ग यांनीं १९७७ पासून २००७ पर्यंत अ‍ॅलेक्स नांवाच्या राखी पोपटास शिकविलें. तो रंग व आकार ओळखून सांगे आणि सहापर्यंत वस्तु मोजी. एवढी समज असलेला जीव दिवसभर एकटा कोंडला गेला तर किंकाळ्या फोडूं लागतो व स्वतःचीं पिसें उपटतो.

चौथी गोष्ट आहार व आरोग्य यांची. नुसत्या दाण्यांवर पोपट निरोगी राहत नाहीं. त्यास पालेभाजी व फळेंही लागतात. चॉकलेट त्यास विषासमान आहे. न चिकटणारा लेप दिलेला तवा फार तापला तर त्याच्या धुरानें पक्षी तत्काळ मरूं शकतो. शिवाय आजारी पक्ष्याच्या विष्ठेच्या धुळीनें माणसास ज्वर व फुप्फुसांचा विकार जडण्याचा संभव असतो. म्हणून पिंजरा नित्य स्वच्छ करावा लागतो.

आतां एक सोपी कसोटी. पक्षी आणण्यापूर्वीं एक महिनाभर रोज सकाळीं अर्धा तास व सायंकाळीं एक तास या कामासाठीं राखून ठेवावा. खेळाचा सामना असो, परीक्षा असो वा पाहुणे येवोत, तो वेळ दुसरीकडे खर्चूं नये. महिना संपण्यापूर्वींच कंटाळा आला, तर उत्तर मिळालें असें समजावें.

असें उत्तर मिळाल्यास खिन्न होण्याचें कारण नाहीं. माघ-फाल्गुनांत जुन्या झाडांच्या ढोलींशीं पोपटांच्या जोड्यांची लगबग चालते, आणि सायंकाळीं त्यांचे थवे ओरडत रात्रीच्या मुक्कामास जातात. तें पाहण्यास पिंजरा लागत नाहीं, आणि परवानाही लागत नाहीं.