आसियान व्यापार करार : वाणिज्यमंत्र्यांची दुहेरी कसोटी

परराष्ट्र धोरण हे केवळ परराष्ट्रमंत्र्यांचे कार्यक्षेत्र आहे, असा समज अनेकदा आढळतो. आग्नेय आशियाशी असलेल्या भारताच्या संबंधांचा अभ्यास करताना हा समज अपुरा ठरतो. १३ ऑगस्ट २००९ रोजी बँकॉक येथे आसियानबरोबरच्या वस्तुव्यापार करारावर भारतातर्फे स्वाक्षरी केली ती तत्कालीन वाणिज्य व उद्योगमंत्री आनंद शर्मा यांनी. ही स्वाक्षरी म्हणजे सुमारे सहा वर्षांच्या वाटाघाटींची फलश्रुती होती.

पार्श्वभूमी

१९९० च्या दशकाच्या प्रारंभी भारताने ‘पूर्वेकडे पाहा’ हे धोरण स्वीकारले. १९९२ मध्ये भारत आसियानचा क्षेत्रीय संवाद भागीदार झाला, तर १९९५ मध्ये त्यास पूर्ण संवाद भागीदाराचा दर्जा देण्याचा निर्णय झाला. २००२ मध्ये नॉम पेन्ह येथे पहिली भारत-आसियान शिखर परिषद भरली. ८ ऑक्टोबर २००३ रोजी बाली येथे सर्वंकष आर्थिक सहकार्याच्या आराखडा करारावर स्वाक्षऱ्या झाल्या आणि मुक्त व्यापाराच्या वाटाघाटींना दिशा मिळाली.

वाटाघाटींतील पेच

शुल्कसवलतीतून कोणत्या वस्तू वगळाव्यात, हा कळीचा प्रश्न होता. भारताची प्रारंभीची यादी १,४०० हून अधिक वस्तूंची होती. अखेरीस ती ४८९ वर आली. पामतेल, कॉफी, काळा चहा व मिरी या वस्तूंना ‘विशेष उत्पादने’ मानून त्यांवरील आयातशुल्क २०१९ पर्यंत टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे ठरले. उदाहरणार्थ, कच्च्या पामतेलावरील शुल्क ८० टक्क्यांवरून ३७.५ टक्क्यांवर, तर मिरीवरील शुल्क ७० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर यावयाचे होते. अन्य देशांचा माल आसियानमार्गे सवलतीत येऊ नये, यासाठी उगमस्थानाचे नियम घालण्यात आले व किमान ३५ टक्के मूल्यवर्धनाची अट ठेवण्यात आली. तत्कालीन वाणिज्यमंत्री कमल नाथ यांच्या कारकिर्दीत, ऑगस्ट २००८ मध्ये, या वाटाघाटी पूर्ण झाल्या.

देशांतर्गत बाजू

पामतेल हे इंडोनेशिया व मलेशियाचे प्रमुख निर्यात उत्पादन आहे. त्यावरील शुल्क घटल्यास ग्राहकास स्वस्त तेल मिळते. परंतु विदर्भ-मराठवाड्यातील सोयाबीन उत्पादकांसह देशातील तेलबिया उत्पादकांवर भावाचा ताण येतो. केरळमध्ये मिरी, रबर व नारळ उत्पादकांच्या हितासाठी या कराराला तीव्र विरोध झाला. येथे एक घटनात्मक मुद्दा ध्यानात घ्यावा. परकीय राष्ट्रांशी करार करणे हा संघसूचीतील १४ व्या नोंदीचा विषय आहे, तर शेती हा राज्यसूचीतील १४ व्या नोंदीचा. अनुच्छेद २५३ अन्वये आंतरराष्ट्रीय करारांच्या अंमलबजावणीसाठी संसद कोणत्याही विषयावर कायदा करू शकते. म्हणजेच निर्णय केंद्राचा असला तरी त्याची झळ राज्यातील शेतकऱ्याला लागू शकते.

फलित

१ जानेवारी २०१० पासून हा करार प्रथम मलेशिया, सिंगापूर व थायलंड यांच्याबाबत लागू झाला. सेवा व गुंतवणूक या क्षेत्रांतील करार २०१५ मध्ये अमलात आले. व्यापार वाढला, तथापि समतोल साधला गेला नाही. २०२२-२३ मध्ये भारताची आसियानला निर्यात सुमारे ४४ अब्ज डॉलर, तर आयात सुमारे ८७.६ अब्ज डॉलर होती. ही सर्व तूट कराराचीच देणगी म्हणता येणार नाही. आयातीत कोळसा व खाद्यतेल यांसारख्या गरजेच्या वस्तूंचा वाटा मोठा असतो. तरीही या अनुभवाचे पडसाद पुढील धोरणात उमटले. नोव्हेंबर २०१९ मध्ये भारताने प्रादेशिक सर्वंकष आर्थिक भागीदारीत सामील न होण्याचा निर्णय घेतला. २०२३ मध्ये इंडोनेशियातील सेमारांग येथे झालेल्या मंत्रिस्तरीय बैठकीत २००९ च्या कराराचे पुनर्विलोकन २०२५ पर्यंत पूर्ण करण्याचे ठरले.

वाणिज्यमंत्र्यांना एकाच वेळी दोन ठिकाणी वाटाघाटी कराव्या लागतात : परदेशात भागीदार राष्ट्रांशी व देशात उत्पादक, ग्राहक आणि राज्य सरकारे यांच्याशी. म्हणूनच अशा कराराचे मूल्यमापन करताना स्वाक्षरीच्या तारखेबरोबरच वगळलेल्या वस्तूंची यादी, उगमस्थानाचे नियम आणि झळ सोसणाऱ्या घटकांसाठी केलेली तरतूद तपासणे अगत्याचे ठरते.