जुन्या साखळी-करवतीचा ऑनलाइन लिलाव

सन २०१२-१३ च्या अवर्षणांत मराठवाड्यांतील मोसंबीच्या पुष्कळ बागा वठल्या. आपला बीड जिल्हाही त्यांतून सुटला नाहीं. तीं झाडें काढण्याकरितां कित्येक बागाइतदारांनीं पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत, जिला सर्रास कटर म्हणतात, विकत घेतली. काम एक-दोन महिन्यांचें. तें संपल्यावर यंत्र जें कोठ्यांत पडलें तें तेथेंच. बैल उभा असला तरी वैरण खातो, यंत्र कांहीं खात नाहीं, म्हणून त्याचा खर्च आपल्या लक्षांत येत नाहीं. परंतु टाकींत राहिलेलें पेट्रोल कार्ब्युरेटरांत चिकटा होऊन बसतें. हल्लींच्या पेट्रोलांत इथेनॉल मिसळलेलें असल्यानें तें हवेंतील ओलही ओढतें. रबरी नळ्या कडक होतात. ज्यास पुढील दोन वर्षांत झाडें काढावयाचीं नाहींत त्यानें करवत आजच विकलेली बरी, असें आमचें मत आहे.

विकावी कोठें? नेकनूरच्या बाजारांत बैलास गिऱ्हाईक मिळतें, करवतीस मिळेलच असें नाहीं. भंगारवाला ती वजनावर मागतो. ज्यास तिची खरी गरज तो गृहस्थ कदाचित् आष्टीस असेल, कदाचित् कोंकणांत. त्याची व आपली गांठ मोबाइलवरच पडावयाची.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. १४ एप्रिल २०१६ रोजीं सुरू झालेली ई-नाम ही योजना शेतमालाकरितां आहे, अवजारांकरितां नव्हे. १९६४ सालीं स्थापन झालेली एमएसटीसी ही सरकारी कंपनी ऑनलाइन लिलाव करते, पण तो मुख्यत्वें सरकारी खात्यांच्या व कारखान्यांच्या मालाचा. एकट्यादुकट्याच्या जुन्या वस्तूंची बोली लावणारा ईबे हा बाजार अमेरिकेंत १९९५ सालीं निघाला. त्यावर विकली गेलेली पहिली वस्तु म्हणजे एक मोडका लेझर-दर्शक होता! त्याची भारतांतील शाखा २०१८ सालीं बंद झाली. आतां आपल्या हातीं राहिलें तें ओएलएक्स किंवा फेसबुक यांवर जाहिरात देणें. तेथें घासाघीस होते, लिलाव होत नाहीं. तो आपला आपणच करावा लागतो.

त्याची रीत कठीण नाहीं. जाहिरातींतच किमान किंमत व बोलीचा शेवटचा दिवस लिहावा. आठ दिवसांची मुदत पुरे. भंगाराचा भाव हा तळ व नव्या यंत्राची किंमत ही कमाल समजून त्यांमधील आंकडा ठरवावा. पण पहिली बोली येण्यास धजेल इतका तो खालीं असावा. आलेली सर्वांत मोठी बोली प्रत्येक विचारणाऱ्यास खरी सांगावी. खोटी बोली सांगून भाव चढविणारा बहुधा शेवटीं आपल्याच करवतीजवळ बसून राहतो.

पूर्वीं अडत्याच्या व खरीददाराच्या हातांवर रुमाल टाकून बोटांनीं भाव ठरत असे. मालधन्यास कांहीं कळत नसे. उघड्या हर्रासानें तो रुमाल गेला. ऑनलाइन विक्रींत मात्र भाव उघडा आणि माल रुमालाखालीं, असा उलटा प्रकार असतो. सबब रुमाल विकणाऱ्यानेंच उचलावा. यंत्रक्रमांक, पात्याची लांबी व साखळीचे दांत यांचीं स्वच्छ छायाचित्रें द्यावीं. थंड यंत्र दोरी ओढून सुरू होतांनाचें चलच्चित्र काढावें. अगोदर तापवून ठेवलेलें यंत्र कोणाचेंही सुरू होतें. शक्य असल्यास धुराड्याचा डबा काढून आंतील पिस्टन दाखवावा. या एंजिनास वेगळें वंगण नसतें, तेल पेट्रोलांतच मिसळावें लागतें. तें न मिसळतां चालविलें असल्यास पिस्टनवर उभ्या रेघा पडतात. जाणता गिऱ्हाईक प्रथम त्याच पाहतो. रेघा असल्यास तसें लिहून किंमत उतरवावी.

आतां धोक्याचें. केज तालुक्यांतील आमच्या एका परिचितांनीं अशी जाहिरात दिली. तासाभरांत फोन आला. बोलणारा स्वतःस सैन्यांतील जवान म्हणवीत होता, ओळखपत्राचें चित्रही त्यानें पाठविलें. मागितलेली किंमत त्यानें घासाघीस न करतां मान्य केली, हीच खरी खूण होती. ‘पैसे जमा होण्यासाठीं’ म्हणून त्यानें क्यूआर संकेत धाडला. परिचितांनीं तो टिपून आपला यूपीआय पिन घातला आणि बी-बियाण्यासाठीं ठेवलेले अठरा हजार रुपये गेले. करवत घरींच राहिली. पिन हा पैसे देण्यासाठींच लागतो, घेण्यासाठीं कधींच लागत नाहीं, हें घरांतील प्रत्येकास सांगून ठेवावें. त्याहून वाईट असें कीं, लाजेनें त्यांनीं दोन दिवस कोणाजवळ शब्द काढला नाहीं. १९३० या क्रमांकावर त्याच घटकेस कळविलें असतें तर रक्कम पुढें सरकण्याआधीं गोठविली जाण्याचा संभव होता.

पावती अवश्य करावी. खाजगी शेतांतीलही कांहीं जातींचीं झाडें तोडण्यास १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्यान्वयें परवानगी लागते, आणि वनगुन्ह्यांत वापरलेलीं हत्यारें १९२७ च्या वन कायद्यान्वयें जप्त होतात. उद्यां आपली करवत बालाघाटाच्या रानांत सांपडली, तर ती कोणत्या तारखेस कोणास दिली याचा सहीचा कागद आपणांजवळ पाहिजे. अनुदानांतून घेतलेलें यंत्र असल्यास मंजुरीपत्रांतील विक्रीविषयींची अट आधीं वाचावी.

गिऱ्हाईकास होतां होईल तों समक्ष बोलवावें. दूर पाठवावयाची झाल्यास टाकी पूर्ण रिती करावी. पेट्रोल भरलेलें यंत्र पार्सलांत घालणें धोक्याचें आहे. आम्ही आमची करवत गेल्या उन्हाळ्यांत विकली. सर्वांत मोठी बोली पाटोद्याकडील एका शेतकऱ्याची होती. ते स्वतः आले, अंगणांतील बाभळीच्या ओंडक्याच्या दोन चकत्या त्यांनीं पाडल्या, साखळीवरून बोट फिरविलें आणि तीनशे रुपये कमी करा म्हणाले. दांत झिजल्याचें आम्हीं जाहिरातींत लिहिलें नव्हतें. आम्हीं तीनशे कमी केले.