अमेरिकेतील विद्यार्थ्यांच्या प्रश्नमंजूषा स्पर्धा

१० ऑक्टोबर १९५३ रोजी अमेरिकेतील एनबीसी या नभोवाणी संस्थेने ‘कॉलेज क्विझ बोल’ हा कार्यक्रम सुरू केला. पहिल्या सामन्यात नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने कोलंबिया विद्यापीठाचा १३५ विरुद्ध ६० गुणांनी पराभव केला. कार्यक्रमाची कल्पना डॉन रीड यांची होती आणि प्रश्न विचारण्याचे काम ॲलन लडन यांच्याकडे होते. विजयी संघाच्या महाविद्यालयास ५०० डॉलरचे अनुदान मिळे. नावातील ‘बोल’ हा शब्द अमेरिकन फुटबॉलमधून आलेला आहे. हंगामाच्या अखेरीस होणाऱ्या मानाच्या सामन्यांना तेथे ‘बोल’ म्हणतात. मैदानावरील चुरस विद्येच्या क्षेत्रात आणावी, हा हेतू त्या नावातच स्पष्ट होतो.

खेळाची मूळ रचना साधी आहे. प्रत्येक संघात चार विद्यार्थी असतात. प्रथम दोन्ही संघांना मिळून एक खुला प्रश्न विचारला जातो. जो खेळाडू आधी बझर दाबील त्याने आपल्या सहकाऱ्यांशी विचारविनिमय न करता, एकट्याच्या बळावर उत्तर द्यावयाचे असते. उत्तर बरोबर आले तर त्याच्या संघास अधिक गुणांचे पुरवणी प्रश्न मिळतात; त्यांची उत्तरे मात्र चौघांनी आपसांत चर्चा करून द्यावयाची असतात. प्रश्न पूर्ण होण्यापूर्वीही बझर दाबता येतो. या एका सवलतीतून पुढील सर्व वाद निर्माण झाले, आणि सुधारणाही तिच्यातूनच झाल्या.

जानेवारी १९५९ मध्ये हा खेळ ‘जी. ई. कॉलेज बोल’ या नावाने सीबीएस दूरचित्रवाणीवर आला. तो काळ अशा कार्यक्रमांना अनुकूल नव्हता. ‘ट्वेंटी-वन’ या लोकप्रिय कार्यक्रमातील स्पर्धकांना उत्तरे आधीच पढविली जातात, असा आरोप झाला होता. त्यातील विजेते चार्ल्स व्हॅन डोरेन यांनी नोव्हेंबर १९५९ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या समितीसमोर तो कबूलही केला. अशा वातावरणात विद्यार्थ्यांच्या या स्पर्धेने आपली विश्वासार्हता टिकविली आणि ती १९७० पर्यंत चालू राहिली. १९६६ मध्ये जॉर्जिया राज्यातील ॲग्नेस स्कॉट या मुलींच्या लहानशा महाविद्यालयाने विख्यात प्रिन्स्टन विद्यापीठावर अगदी अखेरच्या क्षणी मात केली. त्या सामन्याची आठवण आजही सांगितली जाते.

माध्यमिक शाळांमध्ये या स्पर्धांची परंपरा त्याहून जुनी आहे. पेनसिल्व्हेनिया राज्याच्या डेलावेअर परगण्यात १९४८ पासून शाळांच्या संघांमध्ये अशी स्पर्धा होत असे. १९६१ मध्ये सोफी ऑल्टमन यांनी वॉशिंग्टनमध्ये ‘इट्स ॲकॅडेमिक’ हा शालेय कार्यक्रम दूरचित्रवाणीवर आणला. एका वेळी तीन शाळा त्यात भाग घेत. अमेरिकेबाहेरही हे बीज रुजले. ब्रिटनमध्ये १९६२ साली त्याच धर्तीवर ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’ सुरू झाले. त्याची भारतीय आवृत्ती २००३ मध्ये सिद्धार्थ बसू यांच्या सूत्रसंचालनाखाली निघाली आणि तिचे पहिले विजेतेपद मुंबईच्या सरदार पटेल अभियांत्रिकी महाविद्यालयाने मिळविले.

दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम बंद पडल्यानंतर १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘कॉलेज बोल’ पुन्हा सुरू झाले, ते महाविद्यालयांतील स्पर्धांच्या स्वरूपात. आता समोर प्रेक्षक नव्हते, जाहिरातदार नव्हते. होते ते केवळ खेळाडू. त्यामुळे जे दोष पूर्वी करमणुकीच्या झगमगाटात झाकले जात होते ते उघडे पडले. प्रश्न आखूड असत. कित्येकदा त्यांचा रोख शेवटच्या शब्दांत एकाएकी बदले, आणि विषयाचा अभ्यास केलेल्या विद्यार्थ्यापेक्षा प्रश्नकर्त्याच्या मनातले नेमके ताडणारा विद्यार्थी वरचढ ठरे. आपण बुद्धिमत्तेची कसोटी देत आहोत की केवळ बोटांच्या चपळाईची, असा प्रश्न खेळाडूंनाच पडू लागला.

त्याचे उत्तरही खेळाडूंनीच शोधले. निरनिराळ्या विद्यापीठांतील विद्यार्थी स्वतःच स्पर्धा भरवू लागले आणि भाग घेणाऱ्या प्रत्येक संघाने प्रश्नांचा एक संच लिहून आणावा, अशी प्रथा पडली. या प्रथेतून ज्याला ‘पिरॅमिड पद्धतीचा’ प्रश्न म्हणतात तो हळूहळू विकसित झाला. उदाहरणाने तो अधिक स्पष्ट होईल. ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज हा १८५९ मधील ग्रंथ कोणाचा?’ असे विचारले, तर उत्तर बहुतेकांना येते व निर्णय बझरवर सोपविला जातो. पिरॅमिड पद्धतीचा प्रश्न याच उत्तराकडे दुरून येतो. या शास्त्रज्ञाने खडकांना व जहाजांच्या तळांना चिकटून राहणाऱ्या बार्नॅकल या प्राण्यांच्या अभ्यासात सुमारे आठ वर्षे घालविली, हे तो प्रथम सांगतो. गांडुळांच्या कार्यावरील त्याचे पुस्तक १८८१ मध्ये प्रसिद्ध झाले, हे त्यानंतर येते. मग ‘बीगल’ जहाजावरील प्रवासाचा उल्लेख होतो आणि सर्वांत शेवटी त्या सुप्रसिद्ध ग्रंथाचा. ज्याने डार्विनचे चरित्र आस्थेने वाचले आहे तो पहिल्याच वाक्याला बझर दाबील. ज्याला केवळ ग्रंथाचे नाव ठाऊक आहे त्याला अखेरपर्यंत थांबावे लागेल. येथेही वेगालाच महत्त्व आहे, परंतु तो वेग ज्ञानाच्या खोलीतून आलेला असतो.

१९९० च्या दशकात या विचाराला संस्थांचे रूप आले. त्या दशकाच्या आरंभी ‘एसीएफ’ ही विद्यापीठीय विषयांवर भर देणारी संघटना निघाली. १९९६ मध्ये ‘एनएक्यूटी’ ही संस्था स्थापन झाली. ती महाविद्यालयांबरोबर शाळांसाठीही राष्ट्रीय स्पर्धा भरविते. याउलट जुन्या ‘कॉलेज बोल’ कंपनीने २००८ मध्ये महाविद्यालयांतील आपला उपक्रम थांबविला. ऐतिहासिकदृष्ट्या कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या महाविद्यालयांची, १९८९ मध्ये होंडा कंपनीच्या साहाय्याने सुरू झालेली स्पर्धा मात्र त्यानंतरही टिकून राहिली.

खेळाडूंनीच प्रश्न लिहावेत या व्यवस्थेची दुसरी बाजूही होती. २०१३ मध्ये एनएक्यूटीला असे आढळून आले की, संस्थेसाठी प्रश्नलेखन करणाऱ्या काही खेळाडूंनी आगामी स्पर्धांच्या प्रश्नांविषयी माहिती असलेली संगणकीय पाने उघडून पाहिली होती. त्या माहितीचा सामन्यात उपयोग केला गेला काय, याचा खल करीत न बसता संस्थेने निर्णय घेतला. हार्वर्ड विद्यापीठाची चार विजेतेपदे काढून घेण्यात आली. ‘ट्वेंटी-वन’ च्या प्रकरणात उत्तरे पुरविणारे कार्यक्रमाचे चालक होते. येथे कुंपण खेळाडूंनीच घातले होते आणि ते ओलांडणारेही त्यांच्यापैकीच होते.

तथापि एवढ्यावरून ती व्यवस्था टाकाऊ ठरत नाही. प्रश्न लिहावयाचा तर विषयातील परिचित काय व अपरिचित काय, कोणती खूण नेमकी आहे व कोणती संदिग्ध, याचा निवाडा करावा लागतो. आणि तो निवाडा करताना लिहिणाऱ्याचाच अभ्यास घडतो. आठवड्याच्या अखेरीस एखाद्या विद्यापीठाच्या रिकाम्या वर्गखोल्यांत, कोणत्याही प्रेक्षकांविना, दिवसभर हे सामने चालतात. सामना संपल्यावर चुकलेल्या प्रश्नांची टिपणे करून घेऊन पुढील स्पर्धेपूर्वी त्या विषयांवर वाचन करणे, हा तेथील खेळाडूंच्या तयारीचा नेहमीचा भाग आहे.